करवंट्यांची म्हणून दिलेली राख

मी राख चोरली. पन्नाशीला टेकलेल्या, नोकरी-संसार नीट चाललेल्या माणसाने, सकाळच्या स्वच्छ उजेडात, दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात भरून ती नेली. ती कुणाची आहे हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं आनंदाचं आहे, आणि आनंदाच्या गोष्टी सांगता सांगता ही एक गोष्ट मी हळूच बाजूला सरकवून ठेवीन अशी मला माझीच भीती वाटते.

माझा आणि मातीचा संबंध बायकोमुळे आला. आम्ही सिंगापूरला राहतो, पासिर रिसला, अगदी पूर्वेच्या टोकाला. माझं ऑफिस बुओना व्हिस्टाला. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाऊन-येऊन दिवसाचा चांगला तुकडा निघून जातो आणि उरलेल्या वेळात मी फोनवर असतो. एकदा जेवताना बायको म्हणाली, "तू घरी असतोस तेव्हासुद्धा घरी नसतोस. मी दोघांचं नाव घातलंय एका क्लासला. शनिवारी सकाळी. मातीकाम."

"मला जमणार नाही," मी म्हणालो.

"जमवायला कोण सांगतंय? हात घाण कर. घाण हातांनी फोन धरता येत नाही."

क्लास एका जुन्या औद्योगिक इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. एका बाजूला गाड्यांच्या सीट शिवणारं दुकान, दुसऱ्या बाजूला बिस्किटांचं गोदाम. त्यामुळे ओल्या मातीच्या वासात कायम व्हॅनिलाचा वास मिसळलेला असायचा. शिकवणाऱ्या बाई जपानी होत्या, साठीच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या आणि इथेच राहिल्या. दिसायला लहानखुऱ्या, पण हात मनगटापासून कोपरापर्यंत पैलवानासारखे. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत. मीही म्हणू लागलो.

त्या फक्त जेवणाची भांडी शिकवत. भाताचे वाडगे, चहाचे बिनकानाचे कप, लोणच्यापुरत्या बशा. शोभेचं काही कुणी करायला घेतलं की त्या नम्रपणे विचारत, "यात काय वाढणार?" आणि उत्तर नसलं तर तो गोळा परत मळायला लावत. वाडगा हातात घेतला की आधी उलटा करून त्याची बैठक पाहायची, ही त्यांची सवय. "तोंड सगळेच नीट करतात," त्या म्हणायच्या.

बायकोने तीन शनिवारांनंतर क्लास सोडला. "मला भांडी वापरायची आहेत, घडवायची नाहीत," असं तिने जाहीर केलं. मी मात्र अडकलो. फिरत्या चाकावर मातीचा गोळा मधोमध आणायला मला कित्येक महिने लागले, पण ज्या दिवशी तो पहिल्यांदा हातांखाली स्थिर झाला त्या दिवशी मी एमआरटीत वेड्यासारखा एकटाच हसत होतो. समोरच्या बाईंनी जागा बदलली.

हळूहळू आमच्या टेबलावरची स्टीलची भांडी मागे पडली. वरण-भात वाडग्यात आला, कोकमाचं सार चहाच्या कपांत आलं, चटणीला वाकडी बशी आली. बायको एकेक भांडं उचलून शेरा मारायची. "ही वाटी आहे की विहीर? चमचा बुडाला." मुलगी पॉलिटेक्निकला आहे, मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र तिच्या सिंगापुरी इंग्रजीत येतं. "बाबा, धिस वन लीकिंग लाह." खरंच गळत होता. पण त्या गळक्या कपाखाली बशी ठेवून तिने चहा संपवला, आणि तो कप आजही फक्त तिचाच आहे. आम्ही तिघं एका टेबलावर, फोन न बघता, भांड्यांची चेष्टा करत जेवत होतो. इतकं साधं सुख आम्ही बरीच वर्षं अनुभवलं नव्हतं.

सेन्सेईंकडे रोजच्या कामासाठी विजेची भट्टी होती आणि प्रयोगांसाठी एक छोटी गॅसची. या गॅसच्या भट्टीवर त्यांचा जीव होता. मध्येच हवा कमी करून आतली आंच कोंडायची, की ज्वाला हवेसाठी तडफडते आणि मातीतून आणि झिलईतून, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपातून, प्राणवायू ओढून घेते. मग हिरवा निळा होतो, तपकिरी लाल होतो, किंवा सगळंच काळं पडतं. काय होईल याची खात्री नाही. त्या अनिश्चिततेत सेन्सेई एखाद्या लहान मुलीसारख्या रमायच्या. जळत्या भट्टीच्या बारीक भोकातून लोखंडी सळीने मातीची एक कडी बाहेर ओढायच्या, पाण्यात बुडवायच्या, चष्मा कपाळावर सरकवून रंग बघायच्या आणि "अजून थोडं" किंवा "पुरे" असं म्हणायच्या.

या भट्टीचा एक नियम होता. भांडी आत रचण्याआधी आम्ही सगळे गोल उभे राहायचो आणि प्रत्येकाने आपल्या भांड्यावर काय लावलंय ते मोठ्याने सांगायचं. एकाच्या झिलईची वाफ शेजारच्या भांड्यावर बसते, म्हणून सेन्सेई ऐकून घेऊन जागा ठरवत. कोण कुणाशेजारी बसेल, असं त्या भांड्यांबद्दल म्हणायच्या, आणि ते लग्नाच्या पंगतीसारखं वाटायचं. दुसरा नियम याहून कडक. जी राख कशाची आहे हे माहीत नाही ती जेवणाच्या भांड्याला लावायची नाही. त्यात कुठला धातू असेल सांगता येत नाही. फुलदाणीला चालेल, कपाला नाही.

राखेचं प्रकरण असं सुरू झालं. एका शनिवारी सेन्सेई म्हणाल्या की जुन्या जपानी झिलया चुलीच्या राखेच्याच असत. राख, दगडाची पूड आणि थोडी माती, एवढ्यावर काच तयार होते. "आता प्रत्येकाने आपापल्या घरची राख आणायची. घरोघरचा रंग वेगळा निघेल."

क्लासमध्ये एक निवृत्त मास्तर होते, चिनी, सिंगापूरचेच. त्यांनी दुसऱ्याच आठवड्याला ड्युरियनच्या, त्या उग्र वासाच्या फळाच्या, सालींची राख आणली. हसत सांगत होते की साली वाळेपर्यंत बायको बहिणीकडे राहायला गेली. एक बँकेत काम करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या भावाचा बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये साटेचा, म्हणजे काडीला लावून कोळशावर भाजलेल्या मांसाचा, स्टॉल. त्यांनी कोळशाच्या राखेची पिशवीच आणून ठेवली. त्या कोपऱ्यात दिवसभर भुकेचा वास येत राहिला.

माझ्या घरी राख कुठली? आमच्याकडे इंडक्शनची शेगडी. देवापुढच्या उदबत्तीची राख मी काही दिवस वाटीत साठवली, तर चिमटीभर झाली. मग नारळाच्या करवंट्या आठवल्या. त्या बाल्कनीत एका जुन्या कढईत पेटवल्या. धूर असा वर गेला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावून विचारलं, "बार्बेक्यू?" बायकोने बादलीभर पाणी ओतलं.

"इथून हाकलून देतील आपल्याला," ती म्हणाली. "आईला काय सांगू? जावयाने करवंट्या जाळल्या म्हणून परत आलो?"

त्या कढईत फक्त काळा चिखल राहिला. पण सेन्सेईंना मी आधीच सांगून बसलो होतो की मी नारळाच्या करवंट्यांची राख आणणार. त्यांना ते फार आवडलं होतं. "तुमच्या घरची राख," त्या दोनदा म्हणाल्या होत्या.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक आंटी राहतात. चिनी, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. नवरा जाऊन काही वर्षं झाली. आम्ही इथे नवे असताना कचरा कुठे टाकायचा, कोणत्या भाजीवाल्याकडे कोथिंबीर ताजी मिळते, हे सगळं त्यांनी शिकवलं. मुलगी लहान असताना शाळेतून आली की आम्ही येईपर्यंत त्यांच्याकडे बसायची. माझ्या पांढऱ्या केसांकडे साफ दुर्लक्ष करून त्या मला 'बॉय' म्हणतात.

त्यांच्या पंचांगातला सातवा महिना म्हणजे आपल्या पितृपक्षासारखा. गेलेली माणसं परत येतात. ब्लॉकखाली लोखंडी पिंपं ठेवलेली असतात, त्यात लोक कागदाच्या वस्तू जाळतात, म्हणजे त्या पलीकडे पोचतात. त्या वर्षी आंटींचा गुडघा दुखत होता, म्हणून संध्याकाळी त्यांच्या पिशव्या मी खाली नेल्या. सोनेरी-चंदेरी वर्खाचे कागद, कागदाचे बूट आणि कॉलर-बटणांसकट घडी घातलेला एक निळा कागदी शर्ट.

"निळाच का?" मी विचारलं.

"पांढरा दिला तर चिडतो. पांढरा मळतो म्हणतो," आंटी म्हणाल्या. "तिकडे धुवायला मी आहे का?"

त्यांनी एकेक वस्तू पिंपात टाकली आणि हात जोडले. मीही जोडले. माझ्या मुलीला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं की या राखेला पाय लावायचा नाही, हातही लावायचा नाही. ती ज्याची त्याची असते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. क्लासला निघालो तर पिंपाच्या तळाशी ती राख पडलेली. मऊ, करडी, पिठासारखी. सफाई कामगार अजून आले नव्हते. मी उभा राहिलो. आता हे सगळं कचऱ्यातच जाणार, असं स्वतःला सांगितलं. वर जाऊन दूधपावडरचा डबा आणि डाव आणला, आणि भरला.

मी अजाण होतो असं कुणी म्हणू नये. आमच्या घरी पितरांच्या नावाने काढलेल्या पानाला कावळा शिवेपर्यंत कुणी हात लावत नसे. भूक लागली म्हणून मी लहानपणी त्या पानातला वडा उचलला होता, तर वडील, जे कधीच मारत नसत, त्यांनी माझ्या हातावर चापट मारली होती. त्या सकाळी मला ती चापट आठवली. तरी मी डाव चालवला.

राख आधी पाण्यात भिजवतात, खारं पाणी वरून ओतून टाकतात, असं पुन्हा पुन्हा करतात, मग बारीक जाळीतून गाळतात. हे सगळं मी स्टुडिओतल्या मोरीत, हातमोजे घालून केलं. जाळीत न जळलेले तुकडे राहिले. त्यात निळ्या कागदाचा एक कोपरा होता, त्यावर छापलेलं अर्धं बटण. कुणी बघत नाही हे बघून मी तो कचऱ्यात टाकला.

भट्टी रचताना आम्ही गोल उभे राहिलो. मास्तर म्हणाले, "ड्युरियन." सगळे एक पाऊल मागे सरले, सेन्सेईसुद्धा. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "साटे." माझी पाळी आली. माझ्या हातात दोन कप होते.

"नारळाच्या करवंट्या," मी म्हणालो.

सेन्सेईंनी मान डोलावली आणि माझे कप मधल्या फळीवर, सगळ्यात चांगल्या जागी ठेवले.

भट्टी निवायला वेळ लागतो आणि तो वेळ काढणं हेच सगळ्यात कठीण असतं. उघडायच्या दिवशी आम्ही सगळे ठरल्या वेळेच्या आधीच आलो होतो. मास्तरांनी पुडीभर खारी बिस्किटं आणली होती, शेजारच्या गोदामातलीच. सेन्सेईंनी दार उघडलं आणि आत अजून कोमट हवा होती. ड्युरियनचा वाडगा पिवळट निघाला, त्यावर बारीक भेगांची नक्षी. मास्तर तो छातीशी धरून उभेच राहिले. "बायकोला सांगतो, आता परत ये," ते म्हणाले. साटेची बशी गर्द हिरवी, काठावर गंजाचा रंग. बँकेतल्या बाई ती उन्हात नेऊन पुन्हा पुन्हा फिरवत होत्या.

मग माझे कप निघाले. ते दुधी निळे झाले होते, शहाळ्याच्या मलईवर पहाटेचा उजेड पडावा तसे. झिलई खाली ओघळत येऊन बैठकीच्या अगदी वर एका जाड थेंबाशी थांबली होती. सेन्सेईंनी कप घेतला, उलटा केला, बैठक बघितली, सरळ केला, दोन्ही हातांत धरला.

"हा रंग मी आजवर काढलेला नाही," त्या म्हणाल्या.

इतका आनंद मला कामातल्या कुठल्याही बढतीने दिला नव्हता. लाज त्याच्या शेजारीच बसली होती, पण त्या दिवशी आनंद तिच्याहून मोठा होता, हेही मला कबूल करायला हवं. संध्याकाळी कप टेबलावर ठेवले तेव्हा बायकोने शेरा मारला नाही. एक कप ती बराच वेळ नुसता धरून बसली.

"हा आंटींना देऊ या," ती म्हणाली. "त्यांनी आपल्यासाठी इतकं केलंय."

वाटलं, ज्यांचं त्यांच्याकडे गेलं तर माझा दोष मिटेल. स्वतःला असं समजावणं मला फार सोपं जातं. आम्ही दोघं कप घेऊन शेजारी गेलो. आंटींनी तो खिडकीशी नेऊन पाहिला.

"वा, बॉय. तू केलास? खोटं बोलतोस. दुकानातून आणलास."

"मीच केला, आंटी."

"मग ऑफिस कशाला जातोस? हेच कर लाह."

उरलेला कप मात्र मी टेबलावर येऊ दिला नाही. जपून ठेवायचा म्हणून कपाटात वर ठेवला. दुसऱ्या नियमाचा अर्थ मला तिथे मात्र बरोबर कळत होता. माझ्या घरच्यांनी त्यातून प्यायलेलं मला चालणार नव्हतं. आंटींचं काय, हा विचार मनात आला की मी तो झटकायचो. हे लिहितानाही मान खाली जाते.

सेन्सेई मात्र त्या रंगाने झपाटल्या होत्या. वर्षाअखेरीला आम्ही सगळे आपापल्या भांड्यांत एकत्र जेवतो. त्यासाठी सगळ्यांचे कप त्याच झिलईत करायचं त्यांनी ठरवलं. "अजून राख आणा," त्या म्हणाल्या.

या वेळी मी खरोखर करवंट्या जाळल्या. मास्तरांच्या मुलाकडे अंगण होतं, तिथे. मास्तर पंख्याने वारा घालत होते आणि मला इडली खोबऱ्याच्या चटणीशिवाय अपुरी का, हे विचारत होते. दुपार मजेत गेली. राख उत्तम निघाली. भट्टीतून मात्र कप आले ते चिखलासारखे तपकिरी.

सेन्सेईंनी स्वतःला दोष दिला. आंच चुकली म्हणाल्या. पुन्हा भट्टी लावली. मग हवा जास्त झाली म्हणाल्या. तिसऱ्यांदा लावली तेव्हा दिवसभर भट्टीपाशी उभ्या राहिल्या, एकामागून एक कड्या ओढून बघत. शेवटची कडी पाण्यात बुडवून त्यांनी पाहिली आणि माझ्याकडे वळून हसल्या.

"माझा हात गेला वाटतं. तुमची राख चांगली आहे. माझंच कुठेतरी चुकतंय."

आयुष्यभर आगीशी काम केलेली ती बाई माझ्या एका थापेमुळे आपल्या हातांवर शंका घेत होती. मला ते सहन झालं नाही. मी तिथेच, त्या गरम भट्टीसमोर, सगळं सांगितलं. कागद, वर्ख, निळा शर्ट, आंटी, डबा, डाव.

सेन्सेई ओरडल्या नाहीत. सळी भिंतीशी टेकवली, हात पुसले.

"चंदेरी कागद होते?"

"हो."

"मग कथील असेल. म्हणून दुधी. आणि रंगीत छपाई. आणखी काय काय असेल कुणास ठाऊक." मग त्यांचा चेहरा बदलला. "ते दोन कप कुठे आहेत?"

"एक माझ्या कपाटात. एक आंटींकडे."

"त्या चहा पितात त्यातून?"

मी मान डोलावली. मला वाटत होतं की पितात.

"माझ्याशी काय बोलायचं ते पुढच्या शनिवारी बोला," त्या म्हणाल्या. "आधी तो कप परत आणा. आत्ता."

परतीच्या गाडीत मी दारापाशी उभा राहिलो, जागा असूनही. आंटींना काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. नुसता कप बदलून आणता येईल, झिलईला तडा गेलाय म्हणता येईल, असे विचारही आले. आले, हे लपवत नाही. पण आंटींना काही झालं तर या विचारापुढे ते टिकले नाहीत. आणि त्या मला कायमच्या दार बंद करतील, माझ्या मुलीला वाढवणारं घर माझ्या हाताने तुटेल, ही भीतीही होती.

आंटींनी दार उघडलं. टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता.

"आंटी, तो कप," मी म्हणालो. "त्यातून चहा पिऊ नका. मला तो परत द्या."

"दिलेलं परत मागतोस?"

"त्यात काहीतरी विषारी असू शकेल. माझी चूक आहे. तुम्ही किती दिवस त्यातून पिताय? बरं वाटतंय ना?"

आंटी हसायला लागल्या. "मी कुठे पिते त्यातून? मला माझा मग आहे, झाकणवाला. इतका सुंदर कप मी रोज वापरून फोडू?" त्यांनी मागे बोट दाखवलं.

भिंतीशी उंच फळीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. समोर संत्री, उदबत्त्यांचं भांडं आणि माझा दुधी निळा कप, त्यात सकाळचा चहा.

"त्याला देते," त्या म्हणाल्या. "त्याला विष कसलं आता?"

खुर्ची न विचारता ओढून बसलो. सुटलो म्हणून रडू येत होतं आणि त्या फोटोसमोर तो कप बघून शरमेने वर बघवत नव्हतं. मी सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. करवंट्यांपासून सुरू केलं, सेन्सेईंचं काम किती अवघड आहे ते सांगितलं, आमच्याकडे पितरांचं पान कसं वाढतात ते सांगितलं, राख कशी धुतात ते सांगितलं, कथिलाने रंग का बदलतो तेसुद्धा सांगितलं. आंटींनी टीव्ही बंद केला होता. माझं बोलणं संपल्यावर त्या उठल्या, फळीवरचा कप काढला, आतला चहा बेसिनमध्ये ओतला आणि कप हातात धरून त्यातल्या निळ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"यात त्याचा शर्ट आहे?"

"आहे, आंटी."

"बूट?"

"बहुतेक."

"म्हणजे मी रोज त्याच्याच शर्टात त्याला चहा देतेय." त्या फोटोकडे वळल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मला एकही शब्द कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. माझी बायको माझ्याबद्दल शेजाऱ्यांशी बोलते तो सूर. मग त्यांनी कपात ताजा चहा भरला आणि तो पुन्हा फळीवर ठेवला.

"इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याला पोचलेलं दिसतंय. पण बॉय, तू इतका वेळ बोललास. माती सांगितलीस, आग सांगितलीस, कथील का काय ते सांगितलंस. सॉरी कुठे आहे?"

खरंच, एवढ्या वेळात तो एक शब्द मी उच्चारला नव्हता. आमच्या घरात मोठ्यांची माफी कुणी तोंडाने मागत नसे. पाया पडायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी गुपचूप भाजी आणून ठेवायची. मी वाकायला लागलो तर आंटींनी खांद्याला धरून सरळ केलं.

"पाय नको. गुदगुल्या होतात. तोंडाने बोल. आधी त्याला."

"त्यांना इंग्रजी कळायचं?"

"थोडं. मला शिव्या द्यायच्या तेवढं. तू तुझ्या भाषेत बोल. न कळलेल्या बोलण्यावर तो कधी भांडत नाही."

म्हणून मी त्या फोटोसमोर उभा राहिलो आणि मराठीत म्हणालो, "काका, तुमच्यासाठी दिलेल्या वस्तूंची राख मी उचलली. ती तुमची आहे हे मला ठाऊक होतं. माझं चुकलं."

"काय म्हणालास?" आंटींनी विचारलं.

मी त्यांच्याकडे वळलो आणि त्यांना कळेल अशा इंग्रजीत, कुठलंही कारण न जोडता, पहिल्यांदाच म्हणालो, "आंटी, तुम्ही त्यांना दिलेलं मी तुम्हाला न विचारता घेतलं, आणि तुमच्याच हातात दिलं तेव्हाही गप्प राहिलो. तुम्ही त्यातून पीत असाल असं वाटत असूनही गप्प राहिलो. मला माफ करा."